गर्दुल्ल्याला माणसात मोजा

(युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'संगीत आणि परिवर्तन'. फार गुळगुळीत विषय आहे. मी नशेवर बोलणार. कारण आपल्या पोरांच्या कानात आज रॅप आहे आणि त्यातल्याच काहींच्या खिशात एमडीची पुडी आहे. पोरगं गातं बंडाचं आणि रात्री पडतं गटाराच्या कडेला. हे एकाच माणसात कसं नांदतं, ते मी एका काळ्या माणसाच्या अल्बमांवरून सांगतो.

नाव डॅनी ब्राऊन. जन्म १९८१, शहर डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांचं शहर. १९५० साली तिथं साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०२० च्या शिरगणतीत साडेसहा लाखसुद्धा भरली नाहीत. कारखाने गेले, गोरे उपनगरात गेले, मागं राहिले काळे आणि ओसाड घरं. २०१३ साली तर शहरानंच दिवाळं काढलं. गिरणगाव ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगायला नको. इथं १९८२ च्या संपानंतर भोंगे थंडावले, आणि त्याच दशकात मुंबईच्या गल्ल्यांत गर्द शिरली. काम जातं तिथं माल येतो. हा योगायोग नाही, हा बाजार आहे.

डॅनीनं पोरवयात माल विकला, जेल पाहिली. २०११ साली तो तीस वर्षांचा झाला. रोमन आकड्यांत तीस म्हणजे तीन एक्स, तेच अल्बमचं नाव. या वयात अजून नाव झालं नाही तर आपण नशेतच मरणार, ही भीती त्यात भरलीय. पूर्वार्ध सगळा धिंगाणा. उत्तरार्धात मात्र तो रिकाम्या घरांतून तांबं-लोखंड उचकटून भंगारात विकणाऱ्यांची गोष्ट सांगतो. भंगाराचं पोतं पाठीवर घेतलेला कुठलाही पोरगा हे गाणं भाषांतराशिवाय समजेल.

२०१३ साली 'ओल्ड' आला. त्याचे सरळ दोन भाग केलेत. पहिल्यात लहानपण: दुकानातून पाव आणायला गेलेलं पोर, मारहाण, झोप उडवणाऱ्या आठवणी. दुसऱ्यात नाचायची, झिंगायची गाणी. मधेच एक गाणं असं की बाप हॉटेलच्या खोलीत नशेत पडलाय आणि फोनवर लेकीचा निरोप आलाय. पब्लिक नाचली कशावर? दुसऱ्या भागावर. २०१६ च्या 'अट्रॉसिटी एक्झिबिशन'मध्ये तर पहिल्याच गाण्यात माणूस खोलीत कोंडून घेतलेला, दिवसरात्रीचा पत्ता नाही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. माणूस बुडत होता आणि वर टाळ्या पडत होत्या.

माझा मुद्दा इथं आहे. आपल्याकडं वेगळं काय चाललंय? पिऊन आलेला कवी व्यासपीठावर लडखडला की आपण म्हणतो, "काय आग आहे लेका!" त्याच्या बायकोला विचारा ती आग कुणाला भाजते. प्रस्थापितांना आपला बेवडा कवी फार आवडतो. तो लवकर मरतो, मग त्याच्यावर विशेषांक काढता येतो. जिवंत, शुद्धीवरचा, हिशोब मागणारा दलित त्यांना परवडत नाही. आणि या कौतुकात आपणही सामील आहोत.

डॅनी २०२३ साली उपचार केंद्रात दाखल झाला. त्याच वर्षी 'क्वारांटा' आला. इटालियन भाषेत क्वारांटा म्हणजे चाळीस. गाणी बरीचशी उपचाराआधीची, पण आवाज खाली आलाय. मोडलेलं नातं, रॅपनं दिलं काय आणि नासवलं काय याचा ताळेबंद, आणि बाहेरून येऊन आपली वस्ती बळकावणारे नवे श्रीमंत. मग २०२५ चा 'स्टारडस्ट', नशा सोडल्यानंतरचा. म्हणजे शुद्धीवर आलं की कला मरते ही बोंब खोटी ठरली.

आता कुणी म्हणेल, बघा, माणसानं ठरवलं की सुटतं! नाही रे बाबा. त्याच डेट्रॉइटचा गोरा एमिनेम. त्याचा 'रिलॅप्स' २००९ चा, 'रिकव्हरी' २०१० चा. नशा रंग बघत नाही, पण कायदा बघतो. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं कैद होती. तेवढ्याच कैदेला कोकेनची पावडर पाचशे ग्रॅम लागायची. माल मुळात एकच. क्रॅकसाठी आत गेले ते बहुतेक काळे. २०१० साली हा फरक कमी केला, पुरता मिटवला नाही. एकाला दवाखाना, दुसऱ्याला गजाआड. इथंही तेच. बंगल्यातल्या पोराला 'आजार' होतो, वस्तीतलं पोर 'गर्दुल्लं' होतं. बंगल्यात विलायती पितात. मालवणीत २०१५ साली विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती कुठल्या घरांतली होती?

मग करायचं काय? ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं, त्यांच्याकडं बघा. न्यूयॉर्कच्या साउथ ब्रॉन्क्समध्ये लिंकन हॉस्पिटल होतं. लोक त्याला कसाईखाना म्हणत. १९७० साली यंग लॉर्ड्स या पोर्टोरिकन तरुणांनी त्यात घुसून ताबा घेतला. त्याच वर्षी त्यांनी आणि पँथरांनी मिळून तिथं नशामुक्तीचं काम सुरू केलं. नंतर तिथं अॅक्युपंक्चरनंही उपचार होऊ लागले, आणि सोबत राजकीय शिक्षण: तुझ्या गल्लीत हा माल कोण आणतं? १९७८ साली सरकारनं पोलीस घालून ते मोडलं. पण हिप-हॉप १९७३ साली याच ब्रॉन्क्समध्ये जन्माला आलं, हे ध्यानात ठेवा.

लढाऊ माणूसही पडतो. अफेनी शकुर ही पँथर बाई कोर्टात स्वतःचा खटला स्वतः लढली आणि १९७१ साली सुटली. पुढं तिलाच क्रॅकनं गाठलं. तिचा पोरगा तुपाक. त्यानं १९९५ साली आईवर गाणं काढलं, व्यसन न लपवता आणि आईला न हिणवता. ती त्यातून बाहेरही आली. असं बोलायला आपण कधी शिकणार?

तेव्हा कामाचं सांगतो. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम २७ सेवनाला शिक्षा देतं, पण कलम ६४ अ म्हणतं, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल तर त्याच्यावर सेवनाचा खटला नाही. उपचार मात्र पुरा करायला हवा. हे कलम वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? ते भिंतीवर लिहा. सरकारी दवाखान्यात खाटा मागा, नाही मिळाल्या तर दारात बसा. पोराला केंद्रात नेताना सोबत जा आणि तो परत येईल तेव्हा नाक्यावर त्याच्याआधी पोचा, कारण मालवाला तिथं वाट बघत उभाच असतो. एकट्यानं कुणी सुटत नाही. आणि तो पुन्हा घसरला तर पुन्हा न्या. शिव्या नंतर घाला.

बाबासाहेबांनी आपल्याला माणूस म्हणून उभं केलं. या मोजणीतून गर्दुल्ल्याला वगळायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

जयभीम.