स्पीडवे: छोटे देश, एक माणूस आणि एक पडणं

आजचा विषय जरा वेगळा आहे. मागच्या दोन भागांत आपण क्रिकेट आणि फॉर्म्युला वनवर बोललो, तर काही जणांनी लिहिलं की, "अरे, ज्याच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही असं काहीतरी सांग." ठीक आहे. आज स्पीडवे. हात वर करा, कोणाकोणाला माहीत आहे? बरोबर, पॉडकास्टवर हात दिसत नाहीत, पण माझा अंदाज पक्का आहे.

मलाही माहीत नव्हतं. कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी काही महिने पोलंडमध्ये, व्रोत्सवाफ शहरात होतो. पहिल्याच आठवड्यात टीममधल्या एका पोलिश सहकाऱ्याने विचारलं, रविवारी मॅचला येतोस का? मला वाटलं फुटबॉल. स्टेडियममध्ये गेलो तर मध्ये मैदान, भोवती लालसर मातीचा ट्रॅक, आणि हवेत एक गोडसर जळका वास. तो मिथेनॉलचा, कारण या बाइक पेट्रोलवर चालत नाहीत.

आधी खेळ समजून घ्या, दोन मिनिटं लागतील. चार रायडर, चार फेऱ्या, साधारण एक मिनिटात खेळ खलास. पहिल्याला 3 गुण, मग 2, मग 1, शेवटच्याला शून्य. एका संध्याकाळी अशा वीसएक शर्यती होतात, त्यांना हीट म्हणतात. बाइक 500 सीसी, एकच सिलिंडर, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीत. हो, बरोबर ऐकलंत. ब्रेक नाहीत! वळणावर रायडर मागचं चाक मुद्दाम घसरवतो, पुढचं चाक उजवीकडे वळवतो, डावा पाय जमिनीवर ठेवतो (त्या बुटाला लोखंडी तळ असतो) आणि तशीच आडवी घसरत बाइक डावीकडे वळते. पहिल्यांदा बघताना मी अक्षरशः डोळे मिटले होते.

आता मूळ मुद्दा. घरी येऊन मी जगज्जेत्यांची यादी काढली. (काय करणार, टेबल दिसलं की सॉर्ट करायची सवय आहे.) देशानुसार लावली, तर वरती एक नाव आलं ज्याने मी चक्रावलो. न्यूझीलंड. वैयक्तिक जगज्जेतेपदं 12! 1936 पासून आजवर जो खेळ प्रामुख्याने इंग्लंड, स्वीडन, पोलंड इथे खेळला गेला, त्यात जगाच्या दुसऱ्या टोकाच्या या देशाची 12 जेतेपदं. आणि ती कोणाकोणाची? फक्त तीन माणसांची. रॉनी मूर 2, बॅरी ब्रिग्ज 4, आयव्हन मेजर 6. तिघेही क्राइस्टचर्च या एकाच शहरात वाढलेले.

(जाता जाता एक गंमत: मेजरच्या आडनावाचं स्पेलिंग वाचलं तर तुम्ही 'मॉगर' म्हणाल. मीही म्हणायचो. उच्चार 'मेजर' आहे.)

ही साखळी नीट बघा, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. मूर लंडनच्या विम्बल्डन क्लबकडून खेळायला गेला. तोच टेनिसवाला विम्बल्डन भाग, पण हा तिथला स्पीडवे क्लब. 1950 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो वर्ल्ड फायनलपर्यंत पोहोचला. त्याच्यामागून ब्रिग्ज त्याच क्लबमध्ये गेला. 1957 मध्ये मेजर गेला, तोही विम्बल्डनलाच, आणि सपशेल अपयशी ठरला. परत गेला. 1963 मध्ये पुन्हा आला, या वेळी उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला, आणि 1968, 69, 70 असा सलग तीन वेळा जगज्जेता झाला. त्यानंतर दोन अमेरिकनांनी त्याच्या बाइकला सोन्याचा मुलामा चढवून दिला.

ती बाइक कुठली होती, सांगा बघू? आपल्या घरच्यांना ऐकून बरं वाटेल. मूळ कारखाना चेकोस्लोव्हाकियातला, दिविशोव्ह नावाच्या गावातला. नाव एसो. पुढे तो जावामध्ये विलीन झाला. तीच जावा, जिच्या गाड्या म्हैसूरला बनायच्या आणि जिच्यावर आपल्या काकालोकांनी कॉलेजात रुबाब केला. माझ्या काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो, गाडीत दम आहे." छोट्या देशाचा रायडर, छोट्या देशाची बाइक, आणि जिंकायचं मोठ्यांच्या घरात.

मग 1979 साल. त्या वर्षी मेजरने पोलंडमध्ये, होझूफला, सहावं जेतेपद जिंकलं, वय 39. त्याच वर्षी लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर न्यूझीलंडने सांघिक विश्वचषकही जिंकला. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या थोडी वर. म्हणजे आजच्या पुण्यापेक्षा कमी. आणि त्यानंतर? काही नाही. 1979 नंतर न्यूझीलंडचा एकही जगज्जेता झालेला नाही. देशाचं सगळ्यात मोठं वर्ष आणि शेवटचं वर्ष एकच निघालं.

मला हे वाचून एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या पहिल्या नोकरीत एक मॉड्यूल होतं, सगळ्या कंपनीचं बिलिंग त्यावर चालायचं. ते एका सीनियरने लिहिलेलं, तोच सांभाळायचा. आम्ही अडलो की त्याच्या टेबलापाशी जायचं, तो दहा मिनिटांत सोडवायचा. तो नोकरी सोडून गेला आणि पुढचे आठ महिने त्या मॉड्यूलला कुणी हात लावला नाही. शेवटी फेकून नवीन लिहिलं. त्यात मीही होतो, आणि खरं सांगतो, जुनं चांगलं होतं. कोड वाईट नव्हता, फक्त तो दुसऱ्या कोणाच्या डोक्यात नव्हता.

न्यूझीलंडचं ज्ञान असं तीन माणसांच्या डोक्यात होतं, आणि ती तीन माणसं राहायची इंग्लंडमध्ये. मूरला बघून ब्रिग्ज घडला, त्यांच्या वाटेने मेजर गेला. नंतरही न्यूझीलंडचे चांगले रायडर आले, लॅरी रॉस, मिच शिरा, पण साखळीची ती कडी जुळली नाही. त्यात पुढे इंग्लंडची लीगच हळूहळू फिकी पडत गेली. ज्या शिडीने हे लोक वर चढले ती शिडीच मोडकळीला आली.

पण साखळी खरंच तुटली का? इथे मजा आहे. न्यूकॅसलला मेजरच्या संघात एक डॅनिश पोरगा होता, ओले ओल्सन. मेजर त्याचा गुरू. बाइक कशी तयार ठेवायची, शर्यतीच्या दिवशी डोकं कसं ठेवायचं, हे सगळं तो मेजरकडून शिकला. 1971 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये एकही हीट न हरता ओल्सन जगज्जेता झाला, डेन्मार्कचा पहिला. मग 1975 आणि 1978 ला परत. म्हणजे क्राइस्टचर्चची कडी क्राइस्टचर्चला नाही जुळली, डेन्मार्कला जुळली.

ओल्सनने जे केलं ते मेजरने केलं नव्हतं. मेजरला दोष देत नाहीये, त्याचं घर अर्ध्या पृथ्वीपलीकडे होतं. पण ओल्सनने 1975 मध्ये आपल्या गावाजवळ, वॉयन्सला, स्वतःचा ट्रॅक उभा केला. डेन्मार्कमध्ये लहान मुलांसाठी 80 सीसीच्या छोट्या बाइक, छोटे ट्रॅक. दहा-बारा वर्षांची पोरं आडवं घसरायला शिकतात. आपल्याकडे जशी शिवाजी पार्कवर नेट असतात तसंच, फक्त ब्रेकशिवाय.

निकाल काय? 1983 ते 1988, सलग सहा वर्षं सांघिक विश्वचषक डेन्मार्ककडे. लोकसंख्या एकावन्न लाखांच्या आसपास. एरिक गुंडरसन तीनदा जगज्जेता, हान्स निल्सन चारदा. 1988 ची फायनल ओल्सनच्या वॉयन्सच्या ट्रॅकवर झाली, आणि पहिला, दुसरा, तिसरा, तिघेही डॅनिश.

आणि मग 1989. या भागाबद्दल बोलताना मी नेहमी थोडा अडखळतो. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला सांघिक फायनल. पहिल्याच हीटमध्ये, पहिल्याच वळणावर चारही बाइक एकमेकांत अडकल्या. गुंडरसन खाली. तो वाचेल की नाही हेच कळत नव्हतं. वाचला, पण पुन्हा चालायला शिकावं लागलं, आणि रेसिंग तिथेच संपलं. वय तिशीच्या आत. डेन्मार्कची सहा वर्षांची मालिका त्याच दिवशी संपली, कप इंग्लंडने नेला.

मी ही गोष्ट का सांगतोय? छोट्या देशांच्या नशिबाबद्दल बोलताना आपण पैसा, लोकसंख्या वगैरे बोलतो, पण या खेळात एक पडणं म्हणजे अख्ख्या देशाचा हंगाम असू शकतो. पोलंडचा एक रायडर जखमी झाला तर मागे दहा उभे असतात. स्लोव्हेनियाचा एक जखमी झाला तर स्लोव्हेनियाच जखमी. डेन्मार्क त्यातून उठलं, कारण पोरं ट्रॅकवर होती. 1991 मध्ये यान ओ. पेडरसन जगज्जेता झाला, त्या वर्षीचा सांघिक कपही डेन्मार्कचा. पुढे निकी पेडरसन तीनदा जगज्जेता. गुंडरसन स्वतः नंतर डॅनिश संघाचा मॅनेजर झाला.

दरम्यान खेळाचा साचाच बदलला. 1994 पर्यंत एका रात्रीची वर्ल्ड फायनल असायची. सोळा रायडर, प्रत्येकाला पाच हीट, विषय संपला. एका रात्रीत काहीही होऊ शकतं. 1973 ला पोलंडचा येझी श्चाकिएल जिंकला तेव्हा शेवटच्या निर्णायक हीटमध्ये खुद्द मेजर पडला होता! 1995 पासून ग्रांप्री मालिका आली, वर्षभर गुण जमवायचे. न्याय्य आहे, मी विरोधात नाही. पण वर्षभर टिकायचं म्हणजे अनेक इंजिनं, मेकॅनिक, व्हॅन, नावाजलेला ट्यूनर. एका रात्रीच्या चमत्काराचं दार जवळपास बंद झालं.

जवळपास म्हणालो, कारण 2015 चं वॉर्सा. नॅशनल स्टेडियममध्ये तात्पुरता ट्रॅक टाकलेला, पन्नास हजारांहून जास्त प्रेक्षक, आणि स्टार्टची फीतच नीट वर जाईना. ट्रॅक उखडायला लागला. बारा हीटनंतर कार्यक्रम गुंडाळला, आणि विजेता ठरला स्लोव्हेनियाचा मातेय झागर. लोक अजून त्या रात्रीला हसतात. मला मात्र वाटतं, वीस लाखांच्या देशाचा माणूस तेव्हा गुणांत वर होता, ते काही फितीमुळे नाही.

आता लाटव्हिया. माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात त्रास देणारा किस्सा. दाउगावपिल्स नावाचं शहर आहे, तिथला लोकोमोटिव्ह क्लब. घरच्या देशात पुरेसे क्लबच नाहीत, म्हणून तो पोलंडच्या लीगमध्ये खेळतो. एका हंगामात त्यांनी पोलंडची दुसरी श्रेणी जिंकली. नियमाने वरच्या श्रेणीत जायला हवे होते ना? नाही गेले. परदेशी क्लबला एक्स्त्रालीगामध्ये जागा नाही. जिंका, टाळ्या घ्या, तिथेच राहा.

माझ्या त्या पोलिश सहकाऱ्याशी मी यावरून भांडलो होतो, कॅन्टीनमध्ये. तो म्हणाला, "आमच्या लीगने त्यांना खेळायला दिलं नसतं तर तो क्लबच नसता." आणि तो खोटं बोलत नव्हता. याच शहरातला आंद्झेज्स लेबेदेव्स 2017 मध्ये युरोपियन चॅम्पियन झाला आणि 2024 मध्ये ग्रांप्रीचा कायम रायडर. पोलिश लीग नसती तर हे झालं असतं? मला नाही वाटत.

आपल्याकडे हेच कबड्डीत दिसलं. प्रो कबड्डीत इराणी खेळाडू आले, फझल अत्राचली यू मुम्बाचा कर्णधार झाला, पुण्याचाही झाला. आणि 2018 च्या एशियन गेम्समध्ये इराणने भारताला सेमीफायनलमध्ये हरवलं. आपण चिडलो. पण मोठ्या देशाची लीग छोट्या देशाची शाळा असते, आणि त्या शाळेची फी शेवटी आपणच भरतो. फरक इतकाच की वैयक्तिक स्पर्धेत पोलंडचा दबदबा टिकलेला दिसतो. बार्तोश झमार्झलिकने 2019 पासून इतकी जेतेपदं गोळा केली आहेत की मेजरच्या सहाशी त्याने बरोबरी केली.

शेवटचं एक. 2018 मध्ये सांघिक स्पर्धेचा नवा प्रकार आला, स्पीडवे ऑफ नेशन्स. चार-पाच रायडरऐवजी देशाची जोडी, सोबत सुरुवातीला एक एकवीस वर्षांखालचा. जुने चाहते नाराज होते, संघाची मजा गेली म्हणाले. मला तो आवडतो. लाटव्हियाला पाच जागतिक दर्जाचे रायडर कधीच मिळणार नाहीत, पण दोन मिळू शकतात. सुरुवातीला तर दोन आणि एक पोरगा, बस. 2023 ला जुना वर्ल्ड कप परत आणला, पोलंडमध्येच, आणि जिंकला कोणी? ओळखा!

निघायच्या आधीच्या रविवारी मी एकटाच स्टेडियमला गेलो होतो. मॅच संपल्यावर पिट्सच्या कुंपणापाशी लोक सह्यांसाठी उभे होते. एक सात-आठ वर्षांची मुलगी बाबांच्या खांद्यावर बसली होती आणि तिच्या हातात लाटव्हियाचा छोटा झेंडा होता, व्रोत्सवाफमध्ये! मी तिच्या बाबांना विचारलं, तुम्ही तिथले का? ते म्हणाले, नाही हो, आम्ही इथलेच. तिला तो रायडर आवडतो.

पुढच्या भागात आइस स्पीडवे. बर्फावर, टायरला खिळे लावून. ब्रेक तिथेही नाहीत.