मुलाखतीची तयारी चौथीच्या वर्गात
(भोर व वेल्हे तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. नोकरीच्या मुलाखतीचा आणि प्राथमिक शाळेचा संबंध तो काय? तो फार निकटचा आहे, असे माझे नम्र मत आहे.

इ. स. 1875 मध्ये कोकणातील मुरूडचा एक सतरा वर्षांचा विद्यार्थी सरकारी नोकरीस आवश्यक असलेल्या परीक्षेकरिता साताऱ्यास निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मध्ये सह्याद्री, आणि सारा प्रवास पायी. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याची लहानखुरी मूर्ती पाहिली, 'हा सतरा वर्षांचा दिसत नाही' असा निर्णय दिला आणि त्याला परत पाठविले. वयाचा दाखला जवळ असून उपयोग झाला नाही. तो विद्यार्थी म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि 1958 साली ते भारतरत्न झाले. प्रथमदर्शनी पडणारी छाप किती फसवी आणि तरीही किती निर्णायक असते, हे यावरून ध्यानात येईल.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या कनिष्ठ पदांसाठी मुलाखत बंद केली. परंतु शिरवळ, खेड-शिवापूर किंवा पुण्याकडे कामाच्या शोधात जाणाऱ्या आपल्या मुलांना ती अद्याप चुकलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका निवड समितीत मी बसलो होतो. वेल्ह्याकडचा एक तरुण समोर आला. गुण उत्तम, पण 'स्वतःविषयी सांगा' म्हणताच त्याची मान खाली गेली. मी त्याच्या नावापुढे कमी गुण मांडले. तो उठता उठता एका सदस्याने सहज विचारले, "यंदा भात कसे आहे?" आणि काय सांगू! राब भाजण्यापासून लावणीपर्यंतची सारी हकीकत त्याने इतकी क्रमवार सांगितली, की आम्ही ऐकतच राहिलो. परंतु पत्रक भरून झाले होते आणि ते बदलण्याचे धैर्य मी दाखविले नाही. त्याची निवड झाली नाही.

दोष कोणाचा? त्याच्या मौनाचा थोडा, आम्हां परीक्षकांचा पुष्कळ. पण आणखी एक प्रश्न मला आजही छळतो. त्याच्या शालेय जीवनात, ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असा प्रश्न त्याला कोणी विचारला होता काय?

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. रोज एका मुलाने वर्गासमोर उभे राहून दोन मिनिटे स्वतः पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलावे. बोलीभाषेतील शब्दांना कोणी हसू नये. मूल बोलते झाले की प्रमाण भाषा आपोआप जोडीला येते. पाहुणे आले असता मुलांनी नमस्कार करावा, नाव स्पष्ट सांगावे, बोलताना समोर पाहावे. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही' हे निर्भयपणे सांगावे. थाप मारण्यापेक्षा ते शोभून दिसते. वरच्या वर्गांतील मुलांना दाखले क्रमाने लावून ठेवण्याची आणि वेळेआधी पोहोचण्याची सवय लावावी. पावसाळ्यात दुर्गम वाडीतील उमेदवाराने पहिल्या एस.टी.च्या भरवशावर न राहता आदल्या दिवशीच मुक्कामास जावे, हेही सांगण्याजोगे आहे. कपडे नवे नसले तरी चालतील, पण स्वच्छ असावेत.

आणि आपण स्वतः? वर्गात रोज आपणच परीक्षक असतो. गप्प बसणारे मूल मंद आहे, असा शेरा मारण्यापूर्वी त्याला त्याच्या शेताचा, ओढ्याचा, गुरांचा एक प्रश्न विचारावा. कदाचित त्याच उत्तराने त्याची मान वर होईल. आणि एकदा वर झालेली मान पुढे कोणत्याही मेजासमोर सहसा खाली जात नाही.