टक्केवारीमागचा मोहल्ला
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आरोग्याचा विषय निघाला की दवाखाना हवा, रुग्णवाहिका हवी, अशा मागण्या पुढे येतात. त्या रास्तच आहेत. परंतु आपल्या वस्तीत कोणते दुखणे आहे, कोणाला आहे आणि का आहे, हे मोजल्याखेरीज नेमके काय मागावयाचे?

१९९२-९३ पासून आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण होत आले आहे. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १२ ते २३ महिन्यांच्या ७३.५ टक्के मुलांचे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले आढळले. २०१५-१६ मध्ये हाच आकडा ५६.२ होता. प्रगती आहे, यात शंका नाही. जिल्ह्यांचे आकडेही कोणालाही पाहता येतात. मात्र हे सर्वेक्षण निवडक घरांचे असते. त्यात जिल्हा दिसतो, मोहल्ला दिसत नाही.

विद्यार्थी मित्रहो, एक हिशेब करा. समजा, गावात १००० लहान मुले आहेत आणि ९०० जणांना गोवरची लस मिळाली आहे. नव्वद टक्के! पण राहिलेल्या १०० पैकी ८० मुले १५० मुलांच्या एकाच मोहल्ल्यातील असली तर? तेथे निम्म्यांनाही संरक्षण नाही. गोवरचा फैलाव रोखण्यास सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत आणि भिवंडी, मालेगाव येथे गोवरची साथ आली, मुले दगावली. हा धडा आपल्या दाराशीच मिळाला आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षकांच्या देखरेखीखाली दहा घरे घ्यावीत. बाळाचे लसीकरण कार्ड पाहावे : ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिली मात्रा, १६ ते २४ महिन्यांत दुसरी. राहिली असल्यास कारण विचारावे, दोष देऊ नये. मजुरी बुडते, असे उत्तर आले तर रविवारी लसीकरण सत्र मागावे. तापाची भीती असेल तर लसीनंतरचा हलका ताप एक-दोन दिवसांत उतरतो, हे आशाताईंकडून समजावून द्यावे. कार्ड माहेरी राहिले असेल तर आरोग्य केंद्राच्या नोंदी तपासाव्यात. कारण वेगळे, तसा उपायही वेगळा.

मुलांची नावे मात्र फळ्यावर लिहू नयेत. फलकावर फक्त संख्या, नावांची यादी आरोग्य केंद्राकडे. घरची गोष्ट ही अमानत आहे.

माताभगिनींनो, मुले दारी आली तर कार्ड दाखवा. अल्लाहवर भरवसा ठेवावा आणि उंटही बांधावा, ही शिकवण आपण जाणतोच. अर्ज घेऊन कचेरीत जाताना हाती आपल्या मोहल्ल्याचा खरा आकडा असला, तर अधिकाऱ्यांनाही तो बाजूला सारणे कठीण जाईल.

खुदा हाफिज.