वेणी आपली, नाव कुणाचं?

ताई-मावश्यांनो,

आज आपण नारायण पेठेत जमलोय. इथल्या केसरीवाड्यातून टिळकांनी स्वदेशीचा प्रचार केला. विलायती माल नको, असं तेव्हा सांगितलं जाई. आता आपला माल विलायतेला जायचाय.

२४ जुलै २०२५ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. तिकडे पादत्राणांवर १६ टक्क्यांपर्यंत आयात शुल्क, ते करारात शून्य ठरलं. कोल्हापुरीला संधी आहे. पण करार दिल्ली करते, राज्याची सही नसते. राज्याच्या हाती काय? कोल्हापुरीचं २०१९चं जीआय मानांकन महाराष्ट्राच्या लिडकॉमकडे आणि कर्नाटकच्या लिडकरकडे आहे. त्यात कारागिराची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद होते.

चपलेची वेणी तुम्ही घालता. नोंद कुणाच्या नावावर? गटाच्या पुढच्या बैठकीत विचाराच. नाव नसेल, तर वाचलेलं शुल्क व्यापाऱ्याच्याच खिशात राहील.