लेकराचं म्हणणं

श्रोतेहो, सेलू तालुक्यातलं हिंगणी हे गाव तुम्हांपैकी पुष्कळांना बोर धरणाच्या वाटेवरचं गाव म्हणून ठाऊक असेल. आज त्या गावातल्या एका लेकराबरोबर आपण वर्ध्याच्या कोर्टापर्यंत जाऊ या. हे लेकरू कल्पनेतलं आहे. पण त्याला जी वाट चालावी लागते ती मात्र अगदी खरी आहे.

समजा, आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिच्यावर कोणी अत्याचार केला. तिनं तो धीर करून मायजवळ सांगितला, आणि आज साक्षीसाठी त्या दोघी मायलेकी सकाळच्या एसटीनं वर्ध्याला निघाल्या आहेत. कोर्टात आरोपीचा वकील आहे. सरकारी वकीलही आहेत. परंतु ते खटला चालवतात तो सरकारतर्फे. मग या मुलीचं तिथं कोण आहे? तिला काय वाटतं, ती कशाला भिते, हे कोणी विचारायचं?

‘लहान पोर ते, त्याले काय समजते?’ असं आपण पारावर बसून सहज बोलून जातो. कायदा मात्र असं बोलत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात साक्षीदाराला वयाची अट नव्हती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती नाही. विचारलेला प्रश्न समजावा आणि त्याचं सुसंगत उत्तर देता यावं, एवढंच पुरे.

या बाबतीत आपल्या नागपूरच्या एका न्यायमूर्तींचं ऋण मोठं आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले विवियन बोस पुढं सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथं डिसेंबर १९५१ मध्ये त्यांच्यापुढं राजस्थानातला एक खटला आला. अत्याचार झालेली मुलगी आठ वर्षांची होती. शपथ म्हणजे काय हे तिला कळत नाही, म्हणून खालच्या कोर्टानं तिला शपथच दिली नव्हती. तेवढ्यानं तिची साक्ष बाद ठरते काय? बोस यांनी निकाल दिला की, शपथ नाही म्हणून साक्ष बाद होत नाही. मात्र त्यांनी हेही बजावलं की, खरं बोललं पाहिजे हे या मुलाला कळतं, असं न्यायाधीशाला वाटत असेल तर त्यानं तसं नोंदवावं, आणि का वाटतं तेही लिहून ठेवावं. म्हणजे काय, तर मुलाच्या बोलण्याला किंमत देण्याआधी न्यायाधीशानं ते मूल नीट समजून घ्यावं.

आता आपल्या मुलीकडे वळू. समजा, उलटतपासणीत तिला विचारलं, ‘तुला आईनं सांगून पाठवलं ना?’ ती म्हणाली, ‘हो. मायनं सांगतलं, भेऊ नको, जे झालं ते सांगजो.’ आणि कागदावर उतरलं काय? ‘आईने सांगितल्याप्रमाणे मी सांगत आहे.’ पाहा, एकही शब्द वरवर खोटा नाही, आणि तरी सगळा अर्थ उलटा झाला! धीर देणारी माय पढवणारी ठरली.

अशा वेळी मुलीच्या बाजूनं उभ्या असलेल्या वकिलाचं काम काय? मोठं भाषण करणं नव्हे. ‘साहेब, हे उत्तर मुलीच्या शब्दांत, प्रश्नासकट नोंदवावं,’ एवढी एक विनंती वेळीच करणं. त्यासाठी वऱ्हाडी बोली कानाला ओळखीची हवी, आणि कान जागा हवा. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं, ज्याला सगळे पॉक्सो म्हणतात, जबाब मुलानं सांगितला तसाच लिहावा असं पोलीस आणि मॅजिस्ट्रेट या दोघांनाही सांगितलं आहे. त्याच कायद्यानुसार मुलाला विचारायचे प्रश्न वकिलानं न्यायाधीशाकडे द्यायचे आणि न्यायाधीशानं ते मुलाला विचारायचे असतात. मध्ये मध्ये विश्रांती द्यावी, विश्वासाचं माणूस जवळ असू द्यावं, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येऊ नये, मुलाला पुन्हापुन्हा बोलावू नये, हेही त्यात आहे. जानेवारी २०२२ मध्ये तर महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष-केंद्रं उभारण्याचे आदेश सर्व उच्च न्यायालयांना दिले.

दुसरी वाट घरच्या भांडणाची. आईबाप वेगळे होतात आणि मूल कोणाकडे राहणार यावर दावा लागतो. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात त्या काळीही लिहिलं होतं की, मूल समजून आवडनिवड सांगण्याच्या वयाचं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानं मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं. न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या खोलीत बोलावून बोलतात. पण वकील असतात ते आईचे आणि बापाचे. मुलासाठी वेगळा वकील दिलाच पाहिजे असं बंधन या दाव्यांत नाही. ते असावं, असं मला वाटतं.

मात्र असा वकील मिळाला म्हणून भागत नाही. मुलाला जे हवं ते आणि वकिलाला मुलाच्या भल्याचं वाटतं ते, या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. मूल म्हणतं, ‘मले आबाजीजवळ राहाचं हाय.’ वकिलाला ते पटत नसेल. तरी ते म्हणणं गाळायचा अधिकार त्याला नाही. त्यानं ते न्यायाधीशापुढं जसंच्या तसं ठेवावं. आणि मुलाला आधीच सांगावं, ‘बाळा, तुझं म्हणणं मी पोचवीन, पण ठरवणार न्यायाधीश. निकाल वेगळा लागला तर त्यात तुझा दोष नाही.’ हे न सांगितल्यामुळं किती लेकरं आईबापांपैकी एकाला आपणच सोडलं, असं ओझं मनावर घेऊन वाढत असतील!

तुम्ही म्हणाल, वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मुलांना आणि स्त्रियांना वकील मोफत मिळतो. मिळकतीची अट नाही. पॉक्सोच्या खटल्यात कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील देता येतो, आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानं तो द्यायचा असतो. वर्ध्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा क्रमांक. मूल संकटात असेल तर १०९८.

आणि शेवटचं आपल्या घरच्यांसाठी. मुलाला उत्तरं पाठ करवू नका. ‘अमुक म्हण’ असं एकदा सांगितलं की त्याचं खरंही पढवलेलं वाटू लागतं. झालं ते सांग, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण, प्रश्न समजला नाही तर समजला नाही म्हण, एवढं सांगा.

संध्याकाळच्या गाडीनं त्या मायलेकी हिंगणीला परत निघतील. वाटेत पोरगी विचारील, ‘माय, मी बराबर सांगतलं नं?’ माय म्हणेल, ‘तू झालं ते सांगतलं. तुयं काम तेवढंच होतं.’ तिचं काम तिनं केलं. ते नीट ऐकून, नीट लिहून घेणं, हे काम बाकी आपणा मोठ्यांचं आहे.