जीपगाडीचा जॅक

विजयनगर हे नाव ऐकताच मराठी श्रोत्याच्या मनासमोर तुंगभद्रेच्या काठचे हंपीचे भग्न वैभव उभे राहते. परंतु म्हैसूर शहराच्या वायव्येस याच नावाची एक नांदती वसाहत आहे. योगनरसिंह स्वामींच्या देवळामुळे ती दूरवरच्या भाविकांना परिचित झाली आहे, आणि तिच्यानजीकच्या यादवगिरीत म्हैसूरचे नभोवाणी केंद्र आहे. 'आकाशवाणी' हे नाव नभोवाणीला लाभले तेही याच शहरात, 1935 साली, डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी चालविलेल्या एका छोट्या खाजगी केंद्राच्या निमित्ताने. या विजयनगराच्या कडेने, हिनकलवरून, हुणसूरचा रस्ता पश्चिमेकडे जातो. तोच पुढे कुशालनगरमार्गे कोडगूच्या डोंगरात शिरतो आणि सुमारे 120 किलोमीटरांवर मडिकेरीस पोहोचतो.

या एकाच रस्त्यावर गाडीला दोन निरनिराळ्या जगांतून जावे लागते. विजयनगरातील रस्ते आखीव आणि सपाट आहेत. तेथे चाक पंक्चर झाले तर दुसऱ्या चौकात माणूस भेटतो, टणक जमीन तर पायाखालीच असते. कोडगूत मुख्य रस्ता सोडून कॉफीच्या मळ्यात वळले की तांबडी माती, उतार, दगडगोटे आणि जून ते सप्टेंबरचा अखंड पाऊस यांचे राज्य सुरू होते. मांदलपट्टीच्या माथ्यावर प्रवासी जीपमधूनच चढतात, कारण साध्या मोटारीचे तेथे काम नाही. म्हणूनच चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरविणारी गाडी अशा मुलखात मोलाची ठरते. तिची मूळ प्रतिमा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप. भारतात या जीपची जुळणी मुंबईत माझगाव येथे महिंद्रांच्या कारखान्यात 1949 साली सुरू झाली, आणि तेव्हापासून सह्याद्रीच्या घाटांत, जंगलखात्याच्या चौक्यांवर व मळेवाल्यांच्या दारी हे वाहन रुळले.

गाडी घेताना मनुष्य तिचे इंजिन पाहतो, टायर पाहतो, बैठक पाहतो. जॅककडे मात्र त्याचे लक्ष सहसा जात नाही. तो आसनाखाली किंवा मागच्या कप्प्यात पडून असतो, आणि पहिल्या पंक्चरच्या वेळी, बहुधा पावसात आणि बहुधा उतारावर, त्याची ओळख होते. ती ओळख अशा वेळी होऊ नये. दीड-दोन टनांचे लोखंड माणसाच्या हाताच्या अंतरावर अधांतरी धरणारे हे साधन आहे. त्याच्या निवडीत झालेली चूक वेळ खाऊन थांबत नाही. ती हात किंवा प्राणही घेऊ शकते.

बाजारात जॅक अनेक आकारांचे मिळतात, पण प्रत्येक जॅक शेवटी कशाच्या भरवशावर उभा असतो, हे पाहिले म्हणजे त्यांची तीन कुळे स्पष्ट होतात. पहिले कूळ मळसूत्राचे. गाडीबरोबर कारखान्यातून येणारा कातरीच्या आकाराचा जॅक या कुळातला. त्याचा दांडा फिरविला की आटे सरकतात आणि कातर उभी होते. हात सोडला तरी गाडी खाली येत नाही, कारण आट्यांमधील घर्षण त्यांना उलटे फिरू देत नाही. त्यात गळण्यासारखे काही नाही. परंतु त्याची उंची बेताची असते आणि बूड लहान असते.

दुसरे कूळ तेलाच्या दाबाचे. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हे तत्त्व सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कालने मांडले, आणि 1795 मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामाने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचा एकस्वहक्क घेतला. आजचा बाटलीसारखा दिसणारा जॅक त्याचाच वंशज होय. समजा, त्यातील लहान दट्ट्याचा व्यास 1 सेंटिमीटर आणि मोठ्याचा 3 सेंटिमीटर आहे. तर बळ नऊपट होते. हातातील दांड्याच्या तरफेने ते आधीच दहापट झालेले असेल, तर 20 किलोंच्या जोराने 1,800 किलोंचा भार हलतो. घर्षणात थोडा जोर जातो, तो वेगळा. ही किमया मोठी खरी, पण ती एका पातळ वॉशरवर अवलंबून असते. वॉशर झिजला, तेलात कचरा गेला की उचललेला भार हळूहळू, आणि कधी एकदम, खाली बसतो.

तिसरे कूळ दाते आणि खिट्ट्यांचे. भोके पाडलेली चार-पाच फूट उंचीची पोलादी पट्टी, तिच्यावर चढणारी पकड आणि लांब दांडा, असा हा उंच जॅक असतो. मळ्यात काम करणाऱ्यांना व जंगलात हिंडणाऱ्यांना तो फार आवडतो. चिखलात रुतलेली गाडी तो कमरेइतकी उचलू शकतो, आणि योग्य साखळ्या जोडल्या तर ती ओढूनही काढू शकतो. मात्र तिन्ही कुळांत सर्वांत कडक शिस्त मागणारा हाच आहे. गाडी उतरविताना सगळा भार दांड्याला वर झटकू पाहतो, आणि पकड ढिली झाली तर तो दांडा उभ्या माणसाच्या हनुवटीवर बसतो. म्हणून काम करणाऱ्याने आपले डोके दांड्याच्या वाटेत कधीही आणू नये, आणि हात थांबला की दांडा पट्टीला चिकटवून उभा ठेवावा. शिवाय उंची वाढेल तसा हा जॅक बाजूला कलंडण्याचा संभव वाढतो. त्याला बसण्यासाठी गाडीला मजबूत पोलादी बंपर किंवा कडेची भक्कम पट्टी लागते. प्लास्टिकचे बंपर असलेल्या नव्या गाडीला तो निरुपयोगीच समजावा.

आता निवडीचा विचार करावयाचा तो चार अंगांनी. पहिले अंग वजनाचे. पंक्चर झालेल्या एका चाकावर गाडीच्या वजनाचा चौथा हिस्सा येतो, असे गणित मांडून लहान जॅक घेण्याचा मोह होतो. परंतु मागे सामान भरलेले असते, जमीन कललेली असते आणि भार सारखा वाटला जात नाही. म्हणून सामान व माणसे यांसह गाडीचे जे पूर्ण वजन भरते, त्याहून जॅकची क्षमता कमी नसावी. अडीच टनांच्या गाडीस तीन टनांचा जॅक, हा सरळ हिशेब.

दुसरे अंग उंचीचे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. चाकात हवा असताना आसाखाली जॅक सहज जातो. हवा गेली की आस खाली बसते, आणि तोच जॅक तिच्याखाली शिरत नाही. उलट टोकाला, जॅक पूर्ण ताणला तरी चाक जमिनीवरून सुटले पाहिजे, आणि फुगलेली स्टेपनी बसण्याइतकी जागा उरली पाहिजे. दोन टनांचा बाटली जॅक मिटलेला असताना साधारण वीतभर उंच असतो आणि त्याची उचल त्याहून कमी भरते. मालकाने हौसेने मोठे टायर बसविले असतील तर कारखान्याने दिलेला जॅक बहुधा अपुरा पडतो. त्यातही जीपसारख्या गाडीची स्प्रिंग लांब खेळणारी असते. चासीला जॅक लावला तर आधी स्प्रिंग ताणते, धड वर जाते आणि चाक जमिनीलाच चिकटून राहते. तेच जॅक आसाखाली, चाकाजवळ लावला तर थोड्याशा उचलीत काम होते. गाडी जितकी कमी उचलावी लागते, तितकी ती कमी डळमळते. मारुती जिप्सीला पुढेमागे अखंड आस आहे, त्यामुळे ही सोय दोन्हीकडे मिळते. महिंद्र थारच्या पुढच्या चाकांना मात्र अशी अखंड आस नाही. तेथे गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच जॅक लावला पाहिजे. आस गोल असते, म्हणून जॅकच्या माथ्यावर खोबण असलेली टोपी असणे हिताचे, नाहीतर सपाट माथ्यावरून आस घसरते.

तिसरे अंग बुडाचे. समजा, जॅकवर 600 किलोंचा भार आहे आणि त्याचे बूड 10 सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद आहे. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 6 किलोंचा दाब आला. उभ्या माणसाच्या तळव्यांखाली हा दाब पाव किलोच्याही आत असतो. ज्या ओल्या तांबड्या मातीत माणसाचा पाय रुततो, तेथे जॅकचे काय होईल, हे निराळे सांगावयास नको. पण त्याच जॅकखाली 30 सेंटिमीटर चौरस जाड फळी घातली की दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. ही फळी सागाची असो वा जाड प्लायवुडची, ती जॅकचाच भाग समजून गाडीत कायम ठेवावी. जी फळी हाताने वाकते ती उपयोगाची नाही.

चौथे अंग गाडी जागीच रोखून धरण्याचे. याकडे जीपवाल्यांनी सर्वांत अधिक लक्ष दिले पाहिजे. जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर बसत नाही; तो इंजिनाकडून मागच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टला धरतो. आसाच्या मध्यावर डिफरन्शियल असते, आणि त्याचे कामच मुळी एका चाकाला दुसऱ्याहून निराळे फिरू देण्याचे. शाफ्ट जखडलेला असतानाही एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरू शकते. दोन्ही मागची चाके जमिनीवर असतात तोवर हे घडत नाही. परंतु त्यांतील एक उचलले की ते अधांतरी मोकळे गरगरते, जमिनीवरचे दुसरे चाक तितकेच उलट फिरते, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून चालू लागते. गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवली म्हणून हा धोका टळत नाही, कारण गियरही त्याच शाफ्टला धरतो. अशा वेळी चारही चाकांचा जोर जोडावा, आणि पुढच्या चाकांना मोकळी करण्याच्या कळी असल्यास त्या बंद कराव्यात. म्हणजे पुढची आसही शाफ्टला बांधली जाते. आजच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवरच बसतो, तरी मागचे एक चाक उचलल्यावर त्याची पकड एकाच चाकापुरती उरते. सारांश, गाडी कोणतीही असो, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड किंवा लाकडी पाचर लावल्यावाचून जॅकच्या दांड्याला हात लावू नये. आणि चाक अधांतरी असताना इंजिन सुरू करू नये, कारण जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खेचून नेतात.

या चारही अंगांनी उत्तम ठरलेला जॅकही एका कामास अपात्रच असतो. ते काम म्हणजे माणूस गाडीखाली असताना तिचा भार पेलून धरणे. जॅक भार उचलण्यासाठी असतो. पेलण्यासाठी टेकू असतो. गॅरेजमध्ये ज्याला घोडी म्हणतात तो तीन किंवा चार पायांचा पोलादी टेकू चासीखाली अथवा आसाखाली लावून, गाडी त्याच्यावर उतरवून, मगच कोणीही खाली जावे. टेकूऐवजी विटा, विशेषतः सिमेंटच्या पोकळ विटा, कधीही वापरू नयेत. त्या आधी कुरकुरत नाहीत, एकदम फुटतात. रस्त्यात केवळ चाक बदलावयाचे असेल तेव्हा काढलेले चाक किंवा स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकते आणि हाताची बोटे वाचतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करावेत, म्हणजे अधांतरी गाडीला पान्याचे हिसके बसत नाहीत.

तेव्हा विजयनगरातील एखाद्या कुटुंबाने मडिकेरीची वाट धरण्यापूर्वी, किंवा पुण्याच्या मंडळींनी ताम्हिणीकडे व कोल्हापूरकरांनी राधानगरीकडे वळण्यापूर्वी काय जवळ बाळगावे? चाक बदलण्यासाठी गाडीच्या पूर्ण वजनास पुरणारा, हवा गेलेल्या चाकाच्या आसाखाली शिरणारा बाटली जॅक, एक जाड फळी, दोन पाचरी आणि लांब दांड्याचा पाना, एवढे बहुतेकांना पुरे. कारखान्याचा कातरी जॅक फेकू नये. बाटली जॅक तेल गाळू लागला तर तोच उपयोगी पडतो. बारा-तेरा किलोंचा उंच जॅक फक्त त्यांनीच घ्यावा, ज्यांच्या गाडीला त्याच्या पकडीजोगे पोलाद आहे आणि ज्यांनी तो जाणत्याकडून शिकून घेतला आहे.

जॅक विकत घेतल्यानंतर एका रविवारी सकाळी, घरासमोरच्या सपाट जागेत, एका टायरची हवा सोडून द्यावी आणि चाक प्रत्यक्ष बदलून पाहावे. जॅक आत शिरतो का, चाक सुटते का, दहा मिनिटे उभा राहूनही तेल गळत नाही ना, हे तेथेच कळते. घरातील इतर मंडळींनीही हे पाहावे, कारण अडचणीच्या वेळी गाडी कोणाच्या हाती असेल, हे सांगता येत नाही. ज्याने दिवसाउजेडी टणक भूमीवर हे काम एकदा केले आहे, त्याचे हात अंधारात आणि चिखलात गोंधळत नाहीत, आणि मुख्य म्हणजे गाडीखाली कधी जाऊ नये, हे त्याला कोणी बजावून सांगावे लागत नाही.