अमरावतीतले सिंध, कराचीतले वऱ्हाड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेले भाषण)



अमरावतीत रामपुरी कॅम्प नावाची वस्ती आहे आणि अकोल्यात सिंधी कॅम्प. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांची ही ठिकाणे. कॅम्प म्हणजे छावणी, आणि छावणी तात्पुरती असते. परंतु पाऊणशे वर्षे उलटली, पक्की घरे उभी राहिली, वऱ्हाडच्या कापडबाजारात या समाजाने स्वतःच्या कष्टाने पाय रोवले, तरी नावातला ‘कॅम्प’ काही गेला नाही. आता सरहद्दीच्या पलीकडे पाहावे. कराची शहरात ‘सी. पी. अँड बेरार सोसायटी’ नावाची वसाहत आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांच्या सुटलेल्या मुलखाचे नाव तिने जपले आहे. अमरावतीत सिंध आहे आणि कराचीत वऱ्हाड आहे. या दोहोंच्या मध्ये एक कागद उभा आहे. त्या कागदाला व्हिसा म्हणतात.

हा कागद फाळणीबरोबर आला, असा एक समज आहे. तो खरा नाही. ऑगस्ट १९४७ नंतर जवळजवळ वर्षभर माणसे परवान्यावाचून ये-जा करीत होती. दंगलीच्या भीतीने गेलेला मनुष्य वातावरण निवळल्यावर घरी परतू पाहत होता. १९ जुलै १९४८ रोजी भारत सरकारने वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवाना बसविला, आणि त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसेच केले. वटहुकमात कोणत्याही धर्माचे नाव नव्हते. परंतु त्याची झळ लागली ती मुख्यतः आपल्याच गावी परतू पाहणाऱ्या मुसलमानांना. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात हीच १९ जुलैची तारीख नागरिकत्वाची सीमारेषा म्हणून येऊन बसली. पुढे ऑक्टोबर १९५२ मध्ये परवान्याची जागा पारपत्र आणि व्हिसा यांनी घेतली.

प्रवेशाच्या नियमांचा स्वभाव या आरंभातच दिसून येतो. नियमाची भाषा सर्वांना सारखी असते. वार मात्र कोणावर व्हावा हे आधी ठरलेले असते. कॅनडाने १९०८ साली असा नियम केला की, येणाऱ्याने आपल्या देशातून वाटेत न थांबता थेट प्रवास करून आले पाहिजे. त्यात हिंदी माणसाचा उल्लेख नव्हता. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोट मिळणे अशक्यप्राय होते, आणि १९१४ साली ‘कोमागाटा मारू’ जहाजावरील ३७६ उतारूंपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातून माघारी जावे लागले.

भारत आणि पाकिस्तान यांच्यातील व्हिसा हा त्याहूनही बारीक विणलेला आहे. साधारण भेटीचा व्हिसा देशासाठी मिळत नाही, तो ठराविक गावांसाठी मिळतो. व्हिसावर अकोल्याचे नाव असेल आणि अमरावतीचे नसेल, तर शंभरेक किलोमीटरवरील अमरावतीला सख्ख्या भाचीचे लग्न असूनही पाहुण्याला अकोल्यातच बसावे लागते. आल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ साली बंद झाली. तेव्हापासून सिंधमधील माणसाला व्हिसासाठी हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या इस्लामाबादकडे पाहावे लागले. राजस्थानच्या वाटेने सिंधला जोडणारी रेल्वे १९६५ च्या युद्धात तुटली, ती २००६ साली पुन्हा सुरू झाली आणि २०१९ साली पुन्हा थांबली. दोन सरकारांचे बिनसले की पहिला घाव याच धाग्यावर बसतो.

तरीही माणसे आली. सिंधमध्ये मागे राहिलेले हिंदू गेली कित्येक वर्षे कधी मुलींच्या काळजीने, कधी खंडणीच्या आणि अपहरणाच्या भीतीने, कधी उपजीविकेसाठी भेटीच्या व्हिसावर येतात आणि अमरावती, अकोला, नागपूर येथील नातलगांच्या आधाराने राहतात. त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मागता येतो. तो मिळाला की राहण्याचा हक्क मिळतो, पण नागरिकत्व मिळत नाही. असा मनुष्य दुकानात राबतो, मुले मराठी शाळेत घालतो, आणि दर मुदतीला नूतनीकरणाची फाईल घेऊन पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात उभा राहतो. बँकेत खाते उघडणे, वाहन चालविण्याचा परवाना काढणे, राहण्यापुरते घर घेणे या साध्या गोष्टींची वाट त्याला २०१६ साली थोडी मोकळी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात केंद्राने अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले. महाराष्ट्रातून नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे या चार जिल्ह्यांची निवड झाली. अमरावती आणि अकोला त्या यादीत नव्हते. एकाच गावाहून आलेल्या दोन भावांपैकी नागपूरला राहिलेल्याचा अर्ज त्याच्या जिल्ह्यात निकालात निघावा आणि अमरावतीला राहिलेल्याचा मुंबईस गृहसचिवांकडे जावा, ही या व्यवस्थेची तऱ्हा!

मग २०२५ चा एप्रिल आला. २२ तारखेला पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ जणांची हत्या केली. ते कृत्य नीच होते. त्याविषयी दुमत असू शकत नाही. दोन दिवसांनी सरकारने जाहीर केले की, पाकिस्तानी नागरिकांना दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द होतील. वैद्यकीय उपचारांसाठी दिलेल्यांना २९ पर्यंत मुदत. दीर्घ मुदतीच्या व्हिसांना हा निर्णय लागू नाही, असा खुलासाही झाला. परंतु ज्याची फाईल अद्याप टेबलावर पडली होती, ज्याची मुदत संपून नूतनीकरण रखडले होते, ज्याने भेटीच्या व्हिसावर येऊन अर्ज करण्याचे नुकते मनात आणले होते, त्याने त्या खुलाशात आपली जागा कोठे शोधावी? अटारीच्या फाटकावर तर असे दृश्य दिसले की, आईचे पारपत्र भारतीय आणि मुलांचे पाकिस्तानी. मुलांनी जायचे आणि आईने थांबायचे. दहशतवादाचा पाठलाग करणाऱ्या हाताने मायलेकरांची ताटातूट केली.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. राज्याने आपल्या दारातून कोण येतो हे पाहू नये काय? अवश्य पाहावे. येणाऱ्याची चौकशी करणे हा राज्याचा अधिकार आणि नागरिकांप्रतीचे कर्तव्यही आहे. पण चौकशी माणसाची करावयाची असते. जन्म कोणत्या देशात झाला एवढ्यावरून निकाल दिला की चौकशी संपते आणि वर्गवारी सुरू होते. पंधरा वर्षे पोलिसांच्या वहीत नोंद असलेला, दरवर्षी हजेरी देणारा मनुष्य हा शासनाच्या सर्वांत ओळखीचा मनुष्य होय. त्याला घाबरविल्याने देशाची सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

हाच प्रश्न आता दुसऱ्या बाजूनेही वऱ्हाडच्या दारात आला आहे. अमरावतीच्या, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले अमेरिकेकडे डोळे लावून असतात. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम बसविली. त्या फर्मानात भारताचे नाव नाही. परंतु या व्हिसाच्या मंजूर अर्जांत सुमारे सत्तर टक्के भारतीय असतात. १९०८ चीच युक्ती, नव्या कागदावर. त्याच वर्षी फेब्रुवारीत १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले, त्यांत महाराष्ट्राचेही तिघे होते. तेव्हा मध्यमवर्गाला संताप आला आणि तो योग्यच होता. पण अमेरिकेने राष्ट्रीयत्वावरून माणूस तोलला की अन्याय, आणि अटारीवर तोच तराजू धरला की देशभक्ती, असे म्हणता येणार नाही. तराजू एकच असला पाहिजे.

नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. सिंधहून आलेल्या हिंदूला नागरिकत्व लवकर मिळावे, हे न्याय्यच आहे. त्याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. विरोध आहे तो दयेला धर्माची अट घालण्याला. छळ झालेला अहमदिया त्या कायद्यात बसत नाही आणि तमिळनाडूच्या छावण्यांत राहणारा श्रीलंकेचा तमिळ निर्वासितही बसत नाही. शिवाय ज्यांच्या नावाने हा कायदा झाला, त्यांतलेही जे ३१ डिसेंबर २०१४ नंतर आले ते बाहेरच राहिले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने २०२४ अखेरपर्यंत आलेल्यांना कारवाईपासून अभय मिळाले. नागरिकत्व मात्र मिळाले नाही. भेदावर उभारलेला कायदा ज्यांच्यासाठी उभारला त्यांनाही पुरेशी सावली देत नाही.

तेव्हा मागणी काय करावी? दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या व नागरिकत्वाच्या प्रत्येक अर्जाला निकालाची मुदत असावी आणि नकार दिल्यास त्याचे कारण लेखी मिळावे. अमरावती-अकोल्याच्या माणसाचे काम अमरावती-अकोल्यातच व्हावे. संबंध कितीही ताणले गेले तरी जन्म, मरण, आजार आणि विवाह यांसाठीची वाट बंद होऊ नये. कराची आणि मुंबई येथील वकिलाती पुन्हा उघडाव्यात. आणि भारताने निर्वासितांसाठी कायदा करावा. तो आजवर झालेलाच नाही. त्यात धर्माचे नाव नसावे, छळाचे असावे.

मागण्या ठरावात राहतात. कार्यकर्त्याचे काम वस्तीत असते. रामपुरी कॅम्पात जाऊन कोणाची मुदत केव्हा संपते याची वही करावी, अर्ज लिहून द्यावेत, कार्यालयात सोबत जावे. आणि तीच वही घेऊन अकोल्याच्या मुसलमान मोहल्ल्यातही जावे. तेथे कराचीहून लग्न होऊन आलेली एखादी सून याच टेबलावरच्या याच शिक्क्याची वाट पाहत असेल. सिंधी कुटुंबाला मदत केली की एका बाजूची वाहवा मिळेल, त्या सुनेला मदत केली की दुसऱ्या बाजूची. दोघांनाही केली तर कदाचित कोणाचीच मिळणार नाही. परंतु त्या दोन्ही नोंदी एकाच वहीत एकाखाली एक लिहिल्या गेल्या, तर १९ जुलै १९४८ रोजी ओढलेली रेघ निदान तेवढ्या पानावर तरी पुसली जाईल.